झाकलेल्या पिकअपच्या हौद्यात पाणी कुठून येते आणि ते कसे थांबवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पिकअपच्या हौद्यावर ॲल्युमिनियमच्या तीन फळ्यांचे घडीचे कव्हर बसवलेले आहे. पाऊस झाला की केबिनकडच्या डाव्या कोपऱ्यात पाणी साचते आणि मागच्या फाळक्यापाशी आडवा ओला पट्टा दिसतो. आपण दिसेल त्या फटीत सिलिकॉन भरले, तरी पाणी येणे थांबले नाही. उलट आत आलेले पाणी आता दोन-दोन दिवस तसेच राहते. यावर माझे उत्तर असे की, आधी ते सिलिकॉन काढावे लागेल, तळाची निचऱ्याची भोके मोकळी करावी लागतील, त्यानंतर पाणी नेमके कोणत्या वाटेने येते ते शोधावे लागेल आणि तेवढीच वाट, तीही शक्य तितकी बाहेरच्या बाजूने, बंद करावी लागेल. कव्हर बसवण्याच्या आणि गळती काढण्याच्या कामात मी जे पाहत आलो आहे, त्यावरून सांगतो की गळतीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये मूळ दोष एक-दोन जागीच असतो आणि त्यावर केलेले उपाय मात्र वीस जागी असतात.

पिकअपचा हौदा ही मुळात पाणी धरून ठेवण्यासाठी केलेली पेटी नसते. तो उघडा वापरला जाणार, पावसात भिजणार आणि पाइप लावून धुतला जाणार हे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते. म्हणून तळाच्या पत्र्याला कोपऱ्यांत भोके असतात, समोरची भिंत आणि तळ यांच्या सांध्यात बारीक फटी राहू दिलेल्या असतात आणि फाळक्याच्या खाली व दोन्ही बाजूंना चांगली बोटभर मोकळी जागा असते. कव्हर बसवल्यावर आपण या उघड्या भांड्यावर झाकण ठेवतो, पण भांड्याच्या बुडाशी आणि बाजूला असलेल्या वाटा जिथल्या तिथेच राहतात. कव्हर बनवणारे बहुतेक जण आपल्या मालाला ‘पाणी रोखणारे’ म्हणतात आणि ‘पूर्ण जलरोधक’ म्हणायचे टाळतात, त्याचे कारण हेच आहे.

येथे थोडे गणित करून पाहणे उपयोगाचे ठरते. दुहेरी केबिनच्या पिकअपचा हौदा साधारण दीड मीटर लांब आणि जवळपास तेवढाच रुंद असतो. म्हणजे कव्हरचे क्षेत्रफळ सुमारे सव्वादोन ते अडीच चौरस मीटर होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी एक लिटर भरते. त्यामुळे रात्रभरात २० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या कव्हरवर पंचेचाळीस ते पन्नास लिटर पाणी पडलेले असते. सकाळी आत अर्धा लिटर सापडले, तर कव्हरने सुमारे ९९ टक्के पाणी बाहेरच थांबवले आहे. तळाच्या पत्र्यावर पसरलेले अर्धा लिटर पाणी डोळ्यांना फार मोठे दिसते, हे लक्षात ठेवून मगच दुरुस्तीचा आवाका ठरवावा.

पाणी थांबवण्याचे काम मुख्यतः चिकटवून होत नाही, ते एकावर एक चढवून आणि उतार देऊन होते. कौलारू छपरात एकही कौल दुसऱ्याला डांबराने जोडलेले नसते, तरी घर कोरडे राहते, कारण प्रत्येक वरचे कौल खालच्यावर चढलेले असते आणि पाण्याला बाहेर जायची सोपी वाट दिलेली असते. हौद्याच्या बाबतीतही आतल्या बाजूने फट बुजवली तर पाणी सांध्यात येऊन थांबते, वाट शोधते आणि दुसरीकडून उतरते. शिवाय केबिन आणि हौदा हे चेसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, वेगवेगळे बसवलेले असतात; खड्ड्यातून गाडी गेली की चेसिसला पीळ बसतो, आणि हौद्याच्या भिंती व कव्हर यांच्यात प्रत्येक वेळी किंचित हालचाल होते. त्यात उन्हाची भर पडते. दीड मीटर लांबीची ॲल्युमिनियमची फळी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापली, तर ती जवळपास दीड मिलिमीटर लांब होते, आणि तेवढ्याच तापमानवाढीत पोलादी पत्रा त्याच्या निम्माच वाढतो. अशा हलत्या सांध्यात भरलेला सिलिकॉनचा पातळ थर एका कडेने सुटतो. बाहेरून तो शाबूत दिसतो आणि आत केसाएवढी भेग तयार होते. पाणी ओढून घ्यायला ती भेग पुरेशी असते.

गळती शोधण्याआधी एक शक्यता बाजूला काढली पाहिजे, ती म्हणजे आत धरणारे दव. हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २४ अंशांवर येतो. म्हणजे २४ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर त्या हवेतले पाणी जमू लागते. निरभ्र रात्री धातूची फळी आकाशाकडे उष्णता सोडून आसपासच्या हवेपेक्षाही थंड होते, आणि हौद्यात ओले दोर, भिजलेले कपडे किंवा ओली लाकडे असतील तर आतल्या हवेत बाष्प भरपूर असते. मग फळीच्या खालच्या बाजूला सारखे, बारीक थेंब धरतात आणि पहाटे ते टपकतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. दवाचे थेंब फळीभर एकसारखे पसरलेले असतात. गळतीचे पाणी एका रेषेत किंवा एका कोपऱ्यात असते. कोरड्या रात्रीही आत ओल दिसत असेल, तर तो दोष सीलचा नव्हे, आणि तेथे कितीही रबर लावले तरी उपयोग होणार नाही. तेथे हवा खेळती ठेवणे आणि ओला माल आत न ठेवणे एवढाच उपाय आहे. आपल्या बाबतीत पाणी ठरावीक कोपऱ्यात साचते, म्हणून ही गळतीच आहे असे मी धरून चालतो.

आता सिलिकॉन काढण्याविषयी. हे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके म्हणूनच लोक ते टाळतात, पण ते टाळून पुढचे काहीही टिकत नाही. घट्ट झालेल्या सिलिकॉनवर रंग धरत नाही, चिकटपट्टी धरत नाही, ब्युटाइल (कडक न होणारे चिकट रबर) धरत नाही. त्यावर फक्त नवे सिलिकॉन कसेबसे धरते. प्लॅस्टिकच्या पात्याने मोठे तुकडे सोलून काढावेत, लोखंडी पाते वापरू नये, कारण रंगावर पडलेला ओरखडा पुढे गंजाचे घर होतो. उरलेला थर सिलिकॉन काढण्याच्या द्रावणाने मऊ करून कापडाने घासावा. जागा स्वच्छ झाली की नाही हे पाहण्यासाठी तिच्यावर साध्या पाण्याचा फवारा मारावा. पाण्याची सलग पातळ पापुद्र्यासारखी साय पसरली तर जागा तयार आहे. पाणी मण्यांसारखे गोळा होऊन सुटे-सुटे राहिले तर सिलिकॉन किंवा मेणाचा अंश अजून शिल्लक आहे. आपण वापरलेल्या सिलिकॉनला लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येत होता का, हेही आठवून पाहावे. तसा वास येत असेल तर ते सुकताना ॲसेटिक आम्ल सोडणारे सिलिकॉन होते, आणि उघड्या पोलादाला व जस्ताच्या मुलाम्याला त्याने गंज धरतो. त्या जागांचा रंग सिलिकॉन काढल्यावर जवळून तपासावा आणि पत्रा उघडा पडलेला दिसला तर गंजरोधक प्रायमर लावून मगच पुढे जावे.

तळाची भोके मोकळी करताना एक आक्षेप हमखास येतो की, त्याच भोकांतून चाकांनी उडवलेले पाणी वर येते. हे काही गाड्यांत खरे असते, विशेषतः चाकांच्या कमानींजवळच्या भोकांबाबत. तेथे भोक बुजवण्याऐवजी एकमार्गी रबरी झडप बसवावी, जी आतले पाणी खाली सोडते आणि खालचा फवारा अडवते. मात्र ज्या भोकांत कारखान्यातूनच रबरी बूच असते आणि ते हरवलेले असते, किंवा जुना लायनर (हौद्याचे आतले अस्तर) काढल्यावर स्क्रूची जी भोके उघडी राहिलेली असतात, ती निचऱ्याची नव्हेत. ती खुशाल बंद करावीत.

यानंतर शोध. हौदा पूर्ण कोरडा करावा, लायनर सुटा असेल तर तो बाहेर काढावा, आणि दोन्ही बाजूंच्या कडांखाली, समोरच्या भिंतीवर व फाळक्याच्या आतल्या बाजूस टिश्यू कागदाच्या पट्ट्या कागदी चिकटपट्टीने एकमेकींना लागून लावाव्यात. पाण्याचा एक थेंब लागला तरी त्या पट्टीचा रंग गडद होतो आणि पाणी प्रथम कोठे आले हे स्पष्ट दिसते. तळावर खडूची पूड भुरभुरली तर ओघळाची रेषा उमटते. मग कव्हर बंद करून साधा पाइप, तोंडाला फवारणी न लावता, मंद धारेने वापरावा. सुरुवात खालून करावी: आधी फाळक्याचा तळ, मग त्याच्या दोन उभ्या फटी, मग फाळक्याची वरची कड, मग बाजूच्या कडा, मग केबिनकडचे कोपरे आणि सर्वांत शेवटी फळ्यांमधले सांधे. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे थांबावे आणि कव्हर उघडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळ्याच सांध्यांवरून जाते आणि कोणता सांधा फितूर आहे हे कळत नाही. आत माणूस बसवण्याची गरज नाही. पारदर्शक पिशवीत मोबाइल ठेवून, शेजारी विजेरी लावून चित्रीकरण चालू ठेवले तरी काम भागते. अंधारात आत प्रखर दिवा ठेवून बाहेरून उजेड कोठे दिसतो हे पाहण्याची युक्तीही चांगली आहे, पण तिच्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण वळणे घेऊन येणाऱ्या वाटेतून पाणी येते आणि उजेड येत नाही.

गळतीचे पाणी जेथे पडते तेथूनच ते आत आलेले असते असे नाही, हे शोध घेताना सतत ध्यानात ठेवावे. फळीच्या खालच्या बाजूने थेंब चिकटून सरकतो. मागच्या बिजागरीपाशी आत आलेला थेंब फळीखालच्या आडव्या पट्टीला लागतो, तिच्या कडेने बाजूच्या रेलपर्यंत (कव्हर ज्यावर टेकते त्या पट्टीपर्यंत) जातो, रेलच्या आतल्या ओठाला धरून उताराच्या दिशेने हातभर पुढे जातो, वाटेत कव्हर आवळून धरणाऱ्या क्लँपचा दांडा लागला की त्यावरून उतरतो आणि दांड्याच्या टोकाला क्षणभर लोंबकळून तळावर पडतो. तळावर पडल्यावरही गाडी ज्या बाजूला कललेली असेल त्या बाजूला तो वाहत जातो. आपली गाडी उतारावर, केबिन खाली अशी उभी राहत असेल, तर फाळक्याजवळ आत आलेले पाणीही समोरच्या डाव्या कोपऱ्यात सापडेल. म्हणून पाइपची चाचणी गाडी सपाट जागेवर उभी करून घ्यावी आणि नंतर रोजच्या उभे करण्याच्या जागी एकदा पुन्हा घ्यावी.

समोरच्या कोपऱ्याविषयी मात्र माझा अंदाज पक्का आहे, कारण घडीच्या कव्हरांत सर्वाधिक गळती तेथेच होते. समोरच्या भिंतीची वरची कड आणि बाजूच्या भिंतीची वरची कड बहुधा एका पातळीत नसतात. त्यांच्या सांध्यावर दोन-चार मिलिमीटरची पायरी असते. कव्हरचे समोरचे सील आडवे येते, बाजूच्या रेलचे सील उभे येते, आणि पायरीमुळे दोघांच्या भेटीच्या जागी तिकोनी पोकळी राहते. गाडीला ब्रेक लागला की रेलच्या पन्हळीतले सगळे पाणी पुढे धावते आणि त्या पोकळीत शिरते. ही पोकळी नळीतल्या सिलिकॉनने भरू नये. बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमचा पाचरीसारखा तुकडा कापून, तो दोन्ही सीलांच्या मध्ये दाबून बसेल अशा मापाचा करून चिकटवावा, किंवा हाताने मळता येणाऱ्या ब्युटाइलची छोटी गोळी बसवून ती बाहेरच्या बाजूला उतरती करावी. ब्युटाइल कडक होत नाही, त्यामुळे हौदा पिळला तरी ते सुटत नाही.

त्याच कोपऱ्यात दुसरी वाट असते, ती भिंतीच्या कडेवर बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टोपणाखालची. कव्हरचे सील त्या टोपणावर छान दाबून बसलेले असते, पण टोपण आणि पत्रा यांच्यामध्ये खोबण्या असतात आणि टोपणाच्या वर पडलेले पाणी मागच्या बाजूने खाली जाऊन, पत्र्यावरून, सीलच्या खालून आत येते. वरून कितीही पाहिले तरी दोष दिसत नाही. टोपण खटक्यांवर बसवलेले असते. ते हलक्या हाताने उचलून, खाली पूर्ण रुंदीभर ब्युटाइल टेपची एक सलग पट्टी टाकून पुन्हा दाबले, की ही वाट कायमची बंद होते.

हे करण्याआधी कव्हर काटकोनात बसले आहे का, ते पाहणे आवश्यक आहे. समोरच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट असे दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर कव्हर तिरके बसले आहे, एका कोपऱ्यात सील दबलेच नाही आणि समोरच्या दुसऱ्या कोपऱ्यात ते गरजेपेक्षा जास्त दबले आहे. तेव्हा सगळे क्लँप सैल करून, कव्हर सरळ करून, डावा-उजवा असे आलटून पालटून थोडे-थोडे आवळावे. एका बाजूचे सगळे क्लँप आधी पूर्ण आवळण्याची सवय वाईट आहे. सील पुरेसे दबते आहे का हे पाहायला वर्तमानपत्राची पट्टी पुरते: ती सील आणि कड यांच्यामध्ये धरून कव्हर बंद करावे आणि ओढावी. ओढताना सगळीकडे सारखा, जाणवण्याजोगा अडसर लागला पाहिजे. जेथे पट्टी अलगद निसटते तेथे पाणीही अलगद जाते. पोकळ नळीसारखे रबरी सील आपल्या उंचीच्या साधारण एक-तृतीयांश ते निम्मे दबले की उत्तम काम करते. पूर्ण चपटे केले तर काही महिन्यांत ते तसेच राहते आणि परत फुगत नाही.

कडेवरून चढवलेला प्लॅस्टिकचा लायनर असेल तर बाजूच्या कडांवरची गळती जवळपास ठरलेलीच असते, कारण त्याच्या वरच्या पृष्ठभागावर नक्षीच्या रेघा असतात आणि त्याच्याखालून पाणी मोकळे फिरते. जेथे कव्हरचे सील बसते तेवढ्या पट्टीवरचा लायनर कापून काढणे हा खरा उपाय आहे. बाजूच्या कडांवरची चौकोनी भोके मात्र घाईने बुजवू नयेत. पुष्कळ गाड्यांत त्यांतले पाणी बाजूच्या दुहेरी पत्र्याच्या पोकळीत उतरून खाली निघून जाते, हौद्यात येतच नाही. चाचणीत तेथून पाणी आत येताना दिसले तरच रबरी टोपण बसवावे.

आता फाळका, आणि येथे माझे मत बाजारात प्रचलित असलेल्या मतापेक्षा थोडे वेगळे आहे. फाळक्यासाठी जी तयार रबरी पट्टी मिळते, ती बहुतेक लोक तळाशी आधी लावतात, कारण तळाची फट सर्वांत मोठी दिसते. परंतु उभ्या गाडीवर पडणारा पाऊस तळाच्या फटीतून वर चढत नाही. तेथून आत येते ते चालत्या गाडीच्या मागे उडणारे तुषार आणि धूळ. पावसाचे पाणी वरच्या कडेतून आणि दोन उभ्या फटींतून येते. म्हणून क्रम असा ठेवावा की, आधी कव्हरच्या शेवटच्या फळीचा ओठ फाळक्याच्या वरच्या कडेच्या बाहेर उतरतो आहे ना, ते पाहावे. मग दोन्ही उभ्या फटींत सील लावावे. आणि तळाची पट्टी सर्वांत शेवटी, गरज वाटलीच तर लावावी. तळाची पट्टी लावली आणि कोपऱ्यातली भोके तुंबलेली असली, तर फाळका हा बांध होतो आणि आतले पाणी अडून राहते. आपल्याकडे आज तसेच झालेले दिसते.

उभ्या फटीतले सील फाळक्यावर न लावता हौद्याच्या खांबावर लावावे, आणि अशा जागी लावावे की फाळका बंद होताना ते समोरून दाबले जाईल, बाजूने घासले जाणार नाही. घासणारे सील लवकर सोलून निघते. लावण्याआधी फाळका आणि खांब यांच्यातील फट वर, मध्ये आणि खाली मोजावी. फाळका क्वचितच सरळ बसलेला असतो. मोजण्यासाठी मळलेल्या मातीची किंवा ब्युटाइलची गोळी खांबावर ठेवून फाळका बंद करावा, उघडावा आणि दबलेल्या गोळीची जाडी पाहावी. वर नऊ आणि खाली चार मिलिमीटर आले, तर कोणतेही एकच सील दोन्हीकडे बसणार नाही. तेव्हा आधी कुलपाच्या खिट्टीचे बोल्ट सैल करून फाळका थोडा आत घ्यावा. पुष्कळदा एवढ्यानेच अर्धी गळती जाते. वरच्या कोपऱ्यात, जेथे उभे सील कव्हरच्या सीलला भेटते, तेथे एकाचे टोक दुसऱ्याखाली किमान बोटभर जाऊ द्यावे. टोकाला टोक भिडवून ठेवलेले सील पहिल्या उन्हाळ्यात आक्रसते आणि फट उघडी पडते.

फाळक्याच्या आत पोकळी असते आणि तिच्यात मुठीच्या भोकातून, कॅमेऱ्याच्या वायरच्या भोकातून पाणी शिरते. त्या पोकळीचा निचरा खालच्या कडेला असतो. फाळका उघडून आडवा केला की त्यात राहिलेले पाणी हौद्याच्या बाजूला उलटे वाहते, आणि पाहणाऱ्याला वाटते की ते आधीपासून आत होते. तसेच कव्हरवर साचलेले पाणी न झटकता घडी उघडली तर ते थेट आत ओतले जाते. या दोन गोष्टी हास्यास्पद वाटतील, पण ‘गळणारी’ म्हणून आणलेल्या काही गाड्यांचा सगळा आजार एवढाच निघतो. उघडण्यापूर्वी काचेवरचे पाणी काढायच्या रबरी पट्टीने कव्हर एकदा पुसून घेणे पुरते.

फळ्यांमधल्या सांध्यांना हात लावण्याची गरज सहसा पडत नाही. तेथे कारखान्यातून आलेले रबर फाटले असेल तर ते बदलावे लागते. त्यावर काहीही चोपडून उपयोग नसतो. गुंडाळत जाणाऱ्या कडक पट्ट्यांच्या कव्हरची गोष्ट निराळी आहे. त्यात पाणी समोरच्या डब्यात येणारच असे धरलेले असते आणि डब्याच्या दोन कोपऱ्यांतून नळ्यांनी ते खाली सोडलेले असते. तेथे गळती म्हणजे बहुतेक वेळा तुंबलेली किंवा मुरडलेली नळी, असे समजून पेलाभर पाणी डब्यात ओतावे आणि ते खाली किती वेगाने येते ते पाहावे. नळी कमी दाबाच्या हवेने खालून वर फुंकावी. जोराची हवा मारली तर आतला जोड निसटतो आणि मग डबा उतरवल्याशिवाय सुटका नसते. कापडी कव्हरमध्ये ताण सैल पडला की मध्ये खळगे होतात आणि त्यांत पाणी साचते, तेव्हा आधी ताण नीट करावा. फायबरच्या उंच कॅनोपीत (हौद्यावर बसवलेल्या खिडक्यांच्या टपात) पहिला संशय वरच्या ब्रेकदिव्याच्या गॅस्केटवर आणि खिडक्यांच्या चौकटींवर घ्यावा.

साहित्याची निवड सोपी आहे. जेथे भाग उघडतो व मिटतो तेथे ईपीडीएम (ऊन-पाऊस सोसणारे कृत्रिम रबर) या रबराचे पोकळ सील. जेथे दोन भाग स्क्रूने किंवा क्लँपने कायम आवळलेले राहतात तेथे ब्युटाइल टेप. पत्र्याच्या उघड्या जोडावर, जेथे नंतर रंगही मारायचा आहे, तेथे पॉलीयुरेथेन सीलंट. सिलिकॉन वापरायचेच असेल तर आंबट वास नसलेले, तटस्थ प्रकारचे घ्यावे आणि ते २४ तासांत साधारण दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंतच घट्ट होते हे ध्यानात ठेवावे. स्पंजासारखा, उघड्या पेशींचा फोम कोठेही वापरू नये. तो पाणी पिऊन ठेवतो आणि त्याखाली पत्रा गंजतो. चिकटपट्टीवरच्या सीलसाठी जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पूर्ण वाळवून, तापमान १० अंशांच्या वर असताना पट्टी दाबावी. ॲक्रिलिक फोमच्या चांगल्या पट्टीला पहिल्या वीस मिनिटांत सुमारे निम्मी, एका दिवसात सुमारे ९० टक्के आणि तीन दिवसांत पूर्ण पकड येते. त्यामुळे सकाळी सील लावून संध्याकाळी गाडी धुवायला नेणे म्हणजे केलेले काम सोलून टाकणे आहे. सील लावताना ते ताणू नये. ताणून लावलेले सील हळूहळू मूळ लांबीवर येते आणि कोपरे उघडे पडतात.

गाडी चालत असताना मागच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटींतून तुषार व धूळ आत ओढली जाते. उंच कॅनोपीची समोरची झडप थोडी उघडी ठेवली तर आतला दाब वाढतो आणि हे ओढणे कमी होते. त्याच कारणाने कॅनोपीची मागची काच उघडी ठेवून गाडी चालवू नये. एक्झॉस्टचा धूर आत येतो आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेतू शकतो. इंधनाचे डबे किंवा गॅसच्या टाक्या नेणार असाल, तर हौदा जितका घट्ट बंद कराल तितका आत वाफ साठण्याचा धोका वाढतो, म्हणून असा माल बंद हौद्यात ठेवूच नये.

सगळे झाल्यावर पहिली चाचणी पुन्हा त्याच मंद पाइपने आणि त्याच क्रमाने घ्यावी. दाबाच्या यंत्राने कव्हर धुऊन ‘अजून गळते’ असा निष्कर्ष काढू नये. तशी धार जवळून मारली तर दाराचे सीलही हार मानते. काही दिवस गाडी वापरल्यावर क्लँप एकदा पुन्हा तपासावेत, कारण नवे सील दबून बसले की ते थोडे सैल होतात. वर्षातून दोनदा सील ओल्या फडक्याने पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. इंजिनचे तेल किंवा खनिज तेलाचे ग्रीस मात्र वापरू नये, त्याने ईपीडीएम फुगते आणि मऊ पडते. बोटाने दाबून सोडल्यावर सील लगेच वर आले नाही, तर ते बदलण्याची वेळ झाली आहे. तेव्हा संपूर्ण बाजूचे सील एकसलग बदलावे, मध्येच तुकडा जोडू नये.